एकवीस रुपयांचा पौंड

माझी बायको इंग्लंडला शिकायला गेली आणि मी नागपुरात पोरगी सांभाळत राहिलो. आज कोणाला त्यात नवल वाटणार नाही. १९६६ साली आमच्या इंदोऱ्याच्या गल्लीत मात्र ते एवढं नवल होतं की नळावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

मी तेव्हा सातवीपर्यंतच्या शाळेत गणित शिकवत होतो. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. कुहीकडच्या खेड्यांतून बैलगाडीत घालून आणलेल्या बाया तिनं पाहिल्या होत्या. काही वेळेवर पोचायच्या, काही पोचायच्या नाहीत. काही दिवशी घरी आली की ती नुसती पाय धूत बसायची, किती तरी वेळ. त्यावरून मला कळायचं की आज कोणी तरी उशिरा पोचलं.

मग दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनं तिला सांगितलं की इंग्लंडमध्ये नर्सांना बाळंतपणाचं शास्त्र शिकवतात, वर पगारही देतात. अर्ज केला, आणि उत्तरेकडच्या एका गिरणी-गावातल्या दवाखान्यातून होकार आला. अडीच वर्षांचं शिक्षण. राहायची सोय ते करणार, पगार ते देणार. बोटीचं भाडं फक्त आपलं.

माझी माय म्हणाली, "तीन वर्षांचं लेकरू सोडून बाई समुद्रापार जाते का गा?"

मी म्हटलं, "माय, तू दीक्षेच्या वेळी खेड्यातून नागपूरपर्यंत पायी आली होतीस. तुलेही लोकांनी म्हणलंच असंल, बाई एवढ्या दूर जाते का म्हणून."

"मी दोन दिवसात परत आली होती," माय म्हणाली.

तरी तिनं अडवलं नाही. बायकोनं आपल्या पाटल्या सोनाराकडे दिल्या. माझ्याकडे पोस्टात थोडे पैसे होते. बोटीचं भाडं पौंडात ठरलेलं, पण भरायचं रुपयांत. मी स्वतः हिशोब केला. पौंड तेरा रुपये तेहतीस पैशांचा. हा दर मला पाढ्यासारखा पाठ होता, कारण आमच्या सातवीच्या पुस्तकात पौंडाचे रुपये करायची उदाहरणं होती आणि मी ती वर्षानुवर्षं फळ्यावर सोडवत आलो होतो. बारा नगांचा डझन, बारा इंचांचा फूट, तसाच तेरा रुपये तेहतीस पैशांचा पौंड. हा आकडा कोणी हलवू शकतं, असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सोनारानं पैसे द्यायला शनिवारऐवजी रविवार केला. म्हणून मी सोमवारी सकाळी पिशवीत सगळे पैसे घालून सायकलवर सीताबर्डीला निघालो. जूनचा पहिला आठवडा. सकाळी आठलाच ऊन असं की सायकलची दांडी हाताला चटका देत होती. वाटेत पानठेल्यावर रेडिओ लागलेला होता आणि माणसं जमली होती. मी थांबलो नाही. तिकिटं काढून देणाऱ्या एजंटचं ऑफिस उघडायच्या आत पोचायचं होतं.

एजंट भला माणूस होता. माझ्याकडे पाहून त्यानं कपाळाला हात लावला.

"गुरुजी, शनिवारको क्यूँ नहीं आए?"

"सोनारानं उशीर केला. काहून, काय झालं?"

"रेडिओ नहीं सुना? रात को सरकारने रुपया गिरा दिया. आजसे पौंड एकवीस का."

मी म्हटलं, "एकवीस? तेराचा एकवीस? एका रात्रीत?"

त्यानं कागदावर नवं भाडं लिहून माझ्यासमोर सरकवलं. दीडपटीहून जास्त. माझ्या पिशवीत होतं त्यात बोट एडनपर्यंत गेली असती फार तर. तो म्हणाला, जागा पंधरा दिवस धरून ठेवतो, त्याच्यापुढे माझ्या हातात नाही.

घरी आलो तेव्हा बायको ड्युटीवर होती. मायनं विचारलं, "भरले पैसे?"

"नाही. रुपया पडला."

"कुठी पडला?" माय उठून माझी पिशवी पाहायला लागली.

"तसा नाही माय. सरकारनं रुपयाची किंमत कमी केली. बाहेरच्या देशात आता आपला रुपया कमी चालते."

"आपल्याच रुपयाची किंमत आपणच कमी केली? असं कोणी करते का बाप्पा?" मग हळूच म्हणाली, "बरं झालं. राहते आता ती घरी." पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती. तिच्या अंगावरून हात फिरवत मायनं हे म्हटलं, म्हणून मला राग आला नाही.

बायको संध्याकाळी आली. दवाखान्यात तिला कळलंच होतं. तिनं पाय धुतले, चहा घेतला, पोरीला जेवू घातलं. आम्ही अंगणात बाज टाकून बसलो. तीच म्हणाली,

"अवो, एक सांगा. तिथी मले पगार कशात भेटंल?"

"पौंडात."

"आन तो पौंड आता एकवीसचा."

"हो."

"मंग मी तिथून पाठवलेला पौंड इथी कितीचा होईल?"

मी पोरीची पाटी ओढली. सकाळपासून मी एकाच बाजूनं हिशोब करत बसलो होतो, जाण्याच्या. आता येण्याच्या बाजूनं मांडला. महिन्याला दहा पौंड तिनं वाचवून पाठवले, तर शनिवारपर्यंत त्याचे एकशे तेहतीस झाले असते. आता दोनशे दहा. माझा महिन्याचा पगार तेवढा नव्हता. मी पाटी तिच्यापुढे धरली. तिनं कंदिलाजवळ नेऊन ती दोनदा पाहिली.

"म्हणजे जाणं महाग झालं, पण गेल्यावर फायदा हाय."

"गेल्यावर," मी म्हटलं. "जायचं कसं, ते सांग."

ते तिलाही माहीत नव्हतं. पण त्या संध्याकाळनंतर न जाण्याची भाषा आमच्या घरात झाली नाही. मायनंही केली नाही. तिनं पाटीवरचे आकडे वाचले नव्हते; तिला वाचता येत नव्हतं. पण सुनेचा चेहरा तिला वाचता येत होता.

चार दिवसांनी बायकोच्या वॉर्डातली एक नर्स घरी आली. उंच, खणखणीत आवाजाची, हसली की शेजारच्या घरात ऐकू जायचं. नर्सांची आपसात भिशी होती. दर महिन्याला सगळ्याजणी पैसे टाकायच्या आणि चिठ्ठीनं जिचा नंबर लागेल तिला सगळी रक्कम मिळायची. त्या महिन्याचा नंबर हिचा लागला होता. तिनं रुमालात बांधलेली रक्कम बाजेवर ठेवली.

"हे घे. माह्या नंबरावर तू जा. तुहा नंबर येईल तेव्हा मी घेईन."

बायको म्हणाली, "वेडी झाली का वं? तुहं लग्न हाय ना?"

"दिवाळीनंतर हाय. तोपर्यंत नवरदेव कुठी पळून जाते?" आणि ती अशी हसली की पोरगी दचकून जागी झाली. मग मात्र गंभीर होऊन म्हणाली, "तू शिकून ये. आपल्याकडे एकीले तरी ते आलं पाहिजे. मले पाठवलं नाही, तुले बोलावलं. मंग तूच जा."

बायको रडली. मी तिला रडताना फार वेळा पाहिलं नाही. हे एक ठळक आठवतं.

तरी थोडे कमी पडत होते. मी सायकल विकली. हिंगण्याकडे तेव्हा कारखाने उभे राहत होते. तिकडे नव्यानं लागलेल्या एका पोरानं ती घेतली. मग वर्षभर मी शाळेत पायी जात होतो. इंदोऱ्याहून शाळा काही जवळ नव्हती, पण पायी जाणाऱ्या मास्तराला रस्त्यात पोरं भेटतात आणि बोलतात, हे मला तेव्हाच कळलं.

त्या काळी देशाबाहेर जाणाऱ्याला परकी नाणं अगदी मोजकं न्यायची परवानगी होती. इंग्लंडला जाणाऱ्याला तीन पौंड. अडीच वर्षांसाठी निघालेल्या बाईच्या हातात तीन पौंड! किंग्जवेवरच्या बँकेतून मी ते आणले. एकेक पौंडाच्या तीन हिरव्या नोटा. त्या दिवशी गल्लीतली निम्मी माणसं आमच्या घरी नोट पाहून गेली. मायनं एक नोट उजेडात धरली.

"ही बाई कोण?"

"त्यांची राणी."

"आपल्या नोटेवर कोण हाय?"

"अशोकाचे सिंह."

"मंग आपलीच बरी," माय म्हणाली आणि नोट परत दिली. पण रात्री तिनंच त्या तीन नोटा सुनेच्या पोलक्याच्या आतल्या बाजूला खिसा शिवून त्यात ठेवून दिल्या.

स्टेशनवर निरोपाला दवाखान्यातल्या नर्सा आल्या होत्या, म्हणून मला फारसं काही बोलता आलं नाही. गाडी हलली तेव्हा पोरगी माझ्या खांद्यावर होती आणि गाडीला टाटा करत होती, आईला नाही. गाडीच तिला जास्त आवडली होती.

जुलैत शाळा सुरू झाली. पौंडाची उदाहरणं आली तेव्हा मी पोरांना म्हटलं, पुस्तकातला दर पेन्सिलीनं खोडा आणि वर एकवीस लिहा. एका मुलीनं हात वर केला.

"गुरुजी, मंग मागचं उत्तर चुकीचं हाय का?"

"नाही. ते त्या दिवशी बरोबर होतं."

"आन हे उद्या बरोबर राहील?"

"ते मले माहीत नाही," मी म्हटलं. गणिताच्या तासाला हे वाक्य मी त्यापूर्वी कधी उच्चारलं नव्हतं. पोरांना फार मजा वाटली.

दोन महिन्यांनी बायकोचा पहिला ड्राफ्ट आला. मी बँकेत गेलो. खिडकीत जाड चष्म्याचा एक कारकून बसायचा. त्यानं ड्राफ्ट उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "पाठवणारी कोण तुमची?"

"बायको."

"बायको तिकडे आणि तुम्ही इकडे?"

"हो."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग शिक्का मारता मारता म्हणाला, "आमच्या घरी सांगतो मी हे." ते चांगल्या अर्थानं की वाईट, मला कळलं नाही. पण पुढच्या महिन्यापासून तो मला पाहताच खुर्ची द्यायला लागला.

त्या पैशातून मी आधी भिशीचा हप्ता भरायचो. नर्सांच्या क्वार्टरच्या फाटकात पुरुषाला आत सोडत नसत. मी लिंबाच्या झाडाखाली उभा राहायचो आणि चौकीदार आत ओरडून सांगायचा, "विलायतवाले गुरुजी आले!" भिशी सगळी फिटली. त्या उंच नर्सचं लग्न दिवाळीनंतर ठरल्याप्रमाणे झालं. मी, माय आणि पोरगी जेवून आलो.

घरात पोरीचं करणं मला शिकावं लागलं. वेणी घालायला मला सहा महिने लागले. भात मला येत होता, पण वरणाला फोडणी द्यायची म्हटली की माय मला बाजूला सारायची. मात्र पोरगी आजारी पडली की रात्री ती माझ्याजवळच यायची. हे मला त्या दिवसांनी दिलं. नाही तर मी चारचौघांसारखा बाप झालो असतो, दारात चप्पल काढून "अभ्यास केला का" विचारणारा.

माय हळूहळू बदलली. तिला पौंडाची गोडी लागली. मी बँकेतून आलो की ती धानाचा भाव विचारावा तसं विचारायची, "आज कितीचा हाय?" मी सांगायचो, एकवीस, रोज बदलत नाही तो. तरी विचारायची. नळावर बायांना सांगायची, "माह्या सुनेचा एक पौंड म्हणजे आपले एकवीस रुपये." ज्या बायांनी वर्षापूर्वी नाक मुरडलं होतं, त्या आता पोरींना घेऊन येत आणि नर्स व्हायला किती शिकावं लागते, ते विचारत.

उरलेल्या पैशाचं काय करायचं, हे बायकोनं पत्रातून ठरवलं होतं. आमच्या घरामागे मोकळी जागा होती. तिथं तीन खोल्या बांधायच्या. दोन आपल्याला आणि एक बाळंतिणींसाठी. वस्तीतल्या बाईला ऐन वेळी रिक्षात घालून दूर न्यावं लागू नये. मी गवंडी पाहिला, पाया खणला, विटा सांगितल्या.

आणि दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात, दिवाळी होऊन गेल्यावर, सकाळी रेडिओनं सांगितलं की इंग्लंडच्या सरकारनं पौंड खाली आणला.

मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभाच राहिलो. आपल्या सरकारनं रुपया जिथल्या तिथं ठेवला होता. म्हणजे आता पौंडाचे अठराच रुपये. मायनं विचारलं, "काय झालं?"

"पौंड पडला."

माय चुलीसमोरून वळली. "त्याहीचाही पडते?"

"पडते."

"त्या राणीचा?"

"हो माय."

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मंग आपण उगाच लाजत होतो," ती म्हणाली. "साऱ्याईचाच पडते."

मला हसू येत नव्हतं. दर दहा पौंडामागे तीस रुपये गेले होते आणि गवंडी येऊन बसला होता. मी बायकोला लांबलचक पत्र लिहिलं. नवे दर, जुने दर, विटांचा भाव, सगळं. तिचं उत्तर आलं ते अर्ध्या पानाचं. तिकडेही सगळे घाबरले आहेत, दूध-ब्रेड महागेल म्हणतात, पण वॉर्डात पोरं जन्मायची थांबली नाहीत. मी आज एका पायाळू बाळाला एकटीनं बाहेर काढलं, बाळ आणि आई दोघं बरी आहेत. तीन खोल्यांच्या दोन करा. बाळंतिणींची ठेवा, आपली एक कमी करा. पोरीच्या वेणीला लाल रिबीन लावत जा.

मी पत्र मायला वाचून दाखवलं. पायाळू बाळाचा भाग तिनं मला तीन वेळा वाचायला लावला. मायची स्वतःची पहिली मुलगी तशी होती आणि वाचली नव्हती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिनं डोळे पुसले आणि गवंड्याला म्हणाली, "दोन बांध. पण त्या खोलीची खिडकी मोठी ठेव."

१९६९च्या सुरुवातीला बायको परत आली. तेव्हा सुवेझ बंद होता. बोट आफ्रिकेला वळसा घालून आली, म्हणून महिनाभर आम्ही नुसते दिवस ढकलत होतो. नागपूर स्टेशनवर ती उतरली. अंगावर कोट, पायात बूट, पण साडी नेसलेली आणि केसांचा अंबाडा तसाच. पोरगी सहा वर्षांची झाली होती. ती मायच्या मागे लपली.

बायकोनं तिला ओढलं नाही. ती आपल्या ट्रंकेवर बसली आणि म्हणाली, "लय तहान लागली. कोणी मले पाणी देते का?"

पोरगी मायच्या मागून बाहेर आली. मग सुरईतून पेला भरून, दोन्ही हातांनी धरून, सांडत सांडत घेऊन गेली. बायको पाणी पीत असताना तिनं विचारलं,

"तू पौंडवाली आई आहेस का?"

"हो," बायको म्हणाली. "मीच."

"मंग घरी चल."

टांग्यात ती आईच्या मांडीवर बसली आणि घर येईपर्यंत कोटाची बटणं लावत-काढत राहिली.

उरलेले पौंड बँकेत देऊन रुपये घ्यायला आम्ही दोघं बरोबर गेलो. खिडकीतल्या कारकुनानं तिला पाहिलं आणि उभा राहिला. "बाई, तुमचं नाव मी इतक्यांदा वाचलं, आज माणूस पाहिलं," तो म्हणाला. मग संकोचत त्यानं सांगितलं की त्याची धाकटी मुलगी मॅट्रिक झाली आहे आणि तिला नर्सिंगला जायचं आहे. घरचे नाही म्हणतात. बायको त्याच्या खिडकीशी उभी राहून बराच वेळ बोलत राहिली. मागची रांग कुरकुरायला लागली, तेव्हा मला तिला हाताला धरून बाहेर आणावं लागलं. त्या मुलीला त्याच वर्षी प्रवेश मिळाला.

बायको पुन्हा दवाखान्यात लागली. ड्युटी नसेल तेव्हा घरामागची ती खोली उघडायची. खोलीत एक लोखंडी खाट, पितळी घमेलं, तिनं तिकडून आणलेली कातरी आणि चिमटे, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि मायनं मागितलेली मोठी खिडकी. पहिले दोन महिने कोणी आलं नाही. लोक म्हणायचे, विलायती पद्धत आहे, न जाणो काय करते.

मग मार्चमधल्या एका दुपारी पलीकडच्या गल्लीतला सायकलरिक्षावाला आपल्याच रिक्षात स्वतःच्या बायकोला घालून आला. दवाखान्याकडे निघाला होता. वाटेतच कळा वाढल्या. तो दारातूनच ओरडला, "गुरुजी, बाई हाय का घरी?"

ती घरी होती. तिनं आणि मायनं त्या बाईला आत नेलं. मी रिक्षावाल्याला बाजेवर बसवलं, त्याच्या हातात चहा दिला. तो त्यानं तसाच धरून ठेवला. पोरगी शाळेतून आली आणि काही न विचारता त्याच्याजवळ जाऊन बसली. आतून माझ्या बायकोचा आवाज येत होता, शांत, एका सुरात, "घाबरू नको वं, मी हाय ना, घे श्वास, हां, असाच." ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. मग बाळाचा ट्यॅहां असा आवाज आला.

माय दारात आली. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, चेहरा घामानं चमकत होता.

"पोरगी झाली गा," तिनं सांगितलं. "दोघीही बऱ्या हायेत."

रिक्षावाल्यानं कप खाली ठेवला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आतून बायकोनं हाक मारली, "अवो, आणखी गरम पाणी लागंल." मी भगोणं घेऊन चुलीकडे गेलो.